बाजूचा फोटो

टेप यशयाच्या छातीला सगळीकडून टेकली नाही, एवढंच झालं. मोजणाऱ्या जवानानं ती काखेखालून फिरवून पुढं आणली, आवळली, आणि मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना टेप आणि कातडी यांच्यात फट राहिली. त्यानं टेप सोडली, पुन्हा लावली. फट राहिलीच. मग त्यानं टेबलाशी बसलेल्या डॉक्टरकडं पाहिलं. डॉक्टर उठून आला, त्या फटीत त्यानं स्वतःची दोन बोटं घातली, काढली, आणि लिहिणाऱ्याकडं न बघता म्हणाला, "कबूतर छाती. अनफिट. अगला." सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. भरतीच्या मैदानाच्या तारेच्या कुंपणापलीकडं, आठ पावलांवर, पोराच्या शाळेच्या दाखल्यांची गुंडाळी हातात धरून त्याचा बाप आमोस भिंगारदिवे उभा होता. पहाऱ्यावरचा शिपाई ओळखीचा, म्हणून त्याला इतकं जवळ उभं राहू दिलं होतं. त्याला शब्द नीट ऐकू आले. यशयाला मात्र आपलं झालं हे कळलंच नाही. तो नुसत्या चड्डीवर, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून तसाच सावधान उभा राहिला. मागच्या पोरानं ढोसलं तेव्हा तो हलला. सकाळी त्याच्या छातीवर निळ्या पेन्सिलीनं एकशे सत्तेचाळीस हा नंबर लिहिला होता. एक आणि सात उतारावर होते, चार धारेवर. सकाळपासून आमोस तो आकडा पाहत होता, आणि चार मधोमध उंच बसला आहे हे त्याला आत्ता दिसलं.

भिंगारच्या रस्त्यानं दोघं चालत घरी आले. फेब्रुवारीचं ऊन होतं, आणि लढाईच्या वेळी दिवे झाकायला खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद अजून पुष्कळ घरांवर तसेच होते. कडेनं फाटून ते वाऱ्यावर फडफडत होते.

"काय म्हनला डॉक्टर?" आमोसनं विचारलं.

"तुमी ऐकलंत की."

"ऐकलं न्हाई नीट."

यशयानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग कॉलरचंही लावलं. आमोसला एकदम पंधरा वर्षांतले सगळे उघडे पोरगे आठवले. पलटणीत तो कसरत आणि कवायत शिकवायचा. दर तीन महिन्यांनी नवी भरती यायची, जानेवारीच्या थंडीत दोनशे पोरं उघडी उभी करून तो रांगेतून फिरायचा, आणि कुणाचा गुडघा आत वळलेला, कुणाचा तळवा सपाट, कुणाचा एक खांदा उतरलेला हे डॉक्टरच्या आधी सांगायचा. डॉक्टर लोक हसायचे. हवालदाराची नजर म्हणायचे. ती नजर घेऊन तो पेन्शनीत आला, मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर झाला, आणि त्याच नजरेखाली हा पोरगा वाढला. अकरा-बारा वर्षांचा असताना यशयाच्या छातीतलं मधलं हाड पुढं येऊ लागलं. आढ्यावरून दोन्ही बाजूंना छप्पर उतरावं तशी ती छाती झाली. आमोसनं ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं त्याला कुणाला सांगता येणार नव्हतं. पाहिलं होतं आणि त्याला आनंद झाला होता.

हा आनंद आता आठवणं हेच सगळ्यात जड जात होतं. सहावीत असताना त्यानं यशयाला पहिल्या रांगेत घेतलं. वर्गातल्या पोरांच्या छात्या आत गेलेल्या, खांदे पुढं पडलेले, आणि हा एकटा उभा राहिला की जणू आत कुणी हवा भरली आहे. पलटणीत पोरांना "सीना बाहर" म्हणून म्हणून घसा बसायचा, आणि ते हुकूम न देता आपल्या घरात आपोआप उगवलं होतं. "यशयाकडं बघा," तो शिटी तोंडातून काढून म्हणायचा. "असं उभं राहायचं. ए मागचा, कुबड काढून म्हातारा झाला का? यशयाकडं बघ." सहाशे पोरांच्या बाराशे डोळ्यांना तो रोज सकाळी प्रार्थनेनंतर पोराच्या छातीकडं वळवायचा. दोन वर्षं, तीन वर्षं, पाच वर्षं. पंधरा ऑगस्टला कॅम्पातले एक कॅप्टन साहेब पाहुणे आले होते. त्यांनीसुद्धा रांगेपुढून जाताना यशयापाशी पाऊल अडवलं होतं. आमोसला वाटलं होतं, साहेब खूष झाले. आता भिंगारच्या रस्त्यावर, पोराच्या दोन पावलं मागं चालताना, त्याला साहेबांचा चेहरा पुन्हा दिसला. त्यात खुषी होती का, हे त्याला ठरवता येईना. आठवण जुनी झाली की चेहरे पुसट होतात, आणि पुसट चेहऱ्यावर आपल्याला पाहिजे ते लिहिता येतं. इतकी वर्षं त्यानं तेच केलं असावं.

घरी त्याच्या बायकोनं, मार्थानं, दोघांकडं पाहिलं आणि काही न विचारता ताटं वाढली. जेवण झाल्यावर म्हणाली, "घेत न्हाईत तर न्हाई. शिकंल पुढं. लढाई सुरू हुती तवा मी रोज देवाला काय मागत हुते ते तुमाला सांगितलं न्हाई, आता सांगत्ये, हेच मागत हुते."

"त्याला खोड हाय म्हनत्यात," आमोस म्हणाला.

"कसली खोड?"

आमोसनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"ती व्हय," मार्था म्हणाली. "ती तर आधीपास्नं हाय. तुमीच म्हनायचा, शिपायाची छाती हाय."

एका माणसानं त्याला या छातीबद्दल आधीच सावध केलं होतं. त्या दुपारी शाळेच्या मोकळ्या पटांगणात चुन्याच्या रेघा पुन्हा मारून घेताना ते त्याला आठवलं, आणि चुन्याचं घमेलं खाली ठेवून तो उभा राहिला. तेव्हा यशया आठवीत होता. विज्ञान शिकवणाऱ्या दयाबाई साळवे, कमी बोलणाऱ्या, हळू चालणाऱ्या, स्टाफरूमच्या दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "सर, यशयाची छाती एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." आमोस मोठ्यानं हसला होता. आत बसलेल्या मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बाई, ही छाती दाखवायला डॉक्टर कशाला? ही आमी दुश्मनाला दाखवनार." आत सगळे हसले होते. दयाबाई हसल्या नव्हत्या, लाजल्याही नव्हत्या. हातातली वह्यांची चळत सावरून वर्गात गेल्या होत्या. तेव्हा यशया तेरा वर्षांचा होता. आता सतरा संपत आली होती. मधल्या चार वर्षांचं काय झालं? आमोसनं पुन्हा घमेलं उचललं, पण रेघ वाकडी गेली. त्यानं ती पायानं पुसली आणि दुसरी मारली. तीही वाकडी गेली.

मिशनच्या दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून छातीचे डॉक्टर यायचे. त्यांनी यशयाचा एक्स-रे समोरून आणि बाजूनं असा दोनदा काढायला सांगितला. समोरच्या फोटोत आमोसला काहीच वेगळं दिसलं नाही. फासळ्यांची शिडी, मधे हृदयाची पांढुरकी पिशवी. कोणत्याही माणसाचा असावा तसा फोटो. मग डॉक्टरांनी दुसरी फिल्म दिव्यासमोर धरली. ती बाजूची होती. त्यात यशयाचं पाठीचं हाड होतं, आणि त्यापासून लांब, फार लांब, काळ्या पोकळीच्या दुसऱ्या टोकाला मधल्या हाडाची पांढरी रेघ होती. वरून येऊन ती मध्येच पुढं गेली होती आणि मग परत मागं वळली होती. आमोस पाठ आणि छाती यांच्यामधल्या त्या काळ्या जागेवर वाकला. त्या जागेत आपला पोरगा राहतो, त्याचा श्वास राहतो, आणि आपण ती कधी बघितलेली नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो शब्दांत मांडू शकला नसता. रांग तपासताना तो बाजूनंही पाहायचा. सगळ्यांच्या छात्या एका रेषेत आहेत का हे पाहायला एक डोळा मिटून तो टोकाशी उभा राहायचा, आणि यशयाच्या जागी रेषेतून काहीतरी पुढं येतंय हे त्याला रोज दिसायचं. त्या एका पोरासाठी तो बाकीच्या सगळ्यांना पुढं सरकायला सांगायचा.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि सगळं सावकाश सांगत होते. फासळ्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या नसतात. मधे मऊ कूर्चा असते, कानाच्या पाळीसारखी. ही कूर्चा काही मुलांत जास्त वाढते, तिला जागा पुरत नाही, मग ती हाडाला पुढं ढकलते. वयात येताना एकदम वाढतं. हृदय ठीक आहे, फुप्फुसं ठीक आहेत. मुडदूस नाही, दमा नाही.

"माझ्या ड्रिलनं झालं का, डॉक्टरसाहेब?"

"नाही."

"मी त्याच्याकडून दंड काढून घेतो. रोज शंभर."

"त्यानं झालं नाही. जाणारही नाही. दंडानं स्नायू वाढतात, हाड मागं जात नाही."

यात आमोसला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपल्यामुळं झालं असतं तर निदान आपलं काहीतरी त्यात असतं.

"आता काय करायचं?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "हाड मऊ असतं तेव्हा बाहेरून दाब देऊन मागं घेता येतं. काही ठिकाणी प्लास्टर घालतात, काही ठिकाणी पट्टा बांधतात. मोजून मापून, दर काही दिवसांनी तपासून, वर्षभर. अकराव्या बाराव्या वर्षी आणला असता तर तेच केलं असतं. सतराव्या वर्षी हाड घट्ट झालेलं असतं. आता पट्ट्याचा भरवसा मी देणार नाही. दुसरं ऑपरेशन. ते पुण्याला. वाढलेल्या कूर्चा काढायच्या, हाडाला आडवा छेद देऊन ते मागं बसवायचं. मोठं ऑपरेशन आहे. शंभरात एखाद्याला धोका होतो. आणि तिसरं म्हणजे काही करायचं नाही. पुष्कळ लोक असेच राहतात, म्हातारे होतात. तेही चूक नाही."

"ऑपरेशन केलं तर पलटनीत घेतील?"

"चिरलेली छाती? नाही घेणार."

आमोस पुढं काय ऐकत होता ते त्याचं त्यालाच नंतर सांगता आलं नसतं. यशया बाकावर बसून सदरा घालत होता, बटणं खालून वर लावत होता, आणि डॉक्टर म्हणत होते, विचार करा, महिन्याभरानं या, मुलालाही विचारा. आमोसच्या कानात एकच शब्द घुमत होता. पट्टा. भरवसा देणार नाही म्हणजे होणारच नाही असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पलटणीत असे शब्द त्यानं पुष्कळ ऐकले होते. हा पोरगा टिकणार नाही म्हणायचे, आणि आमोसनं सहा महिन्यांत त्याला पळायला लावलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो प्रयोगशाळेत गेला. दयाबाई परीक्षानळ्या धुऊन उलट्या घालत होत्या. कोपऱ्यात लाकडी खुंटीवर शाळेचा सांगाडा टांगलेला होता. एका फासळीला तारेनं बांधलेलं होतं. आमोस त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मधल्या हाडाला त्यानं बोट लावलं. ते सपाट होतं, थंड होतं.

"ही मऊ कूर्चा कुठं असती, बाई?"

"सांगाड्यात नसते," दयाबाई म्हणाल्या. "ती टिकत नाही. तारांनी जोडलंय ना, ती तिची जागा."

आमोस तारांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी मला सांगितलं हुतं."

"हो."

"एकदाच सांगितलंत."

दयाबाईंनी शेवटची नळी उलटी घातली. हात पुसले. मग म्हणाल्या, "हो. एकदाच." त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या, सांगाड्याकडंही नाही. खिडकीच्या काळ्या कागदाकडं बघत होत्या. आमोसला वाटलं, ही बाई गेली चार वर्षं रोज प्रार्थनेला उभी होती. यशयाकडं बघा असं आपण ओरडलो की ही खाली बघायची. त्याला राग आला, आणि तो कुणाचा आला हे न कळून तो घंटा व्हायच्या आधीच बाहेर पडला.

कॅम्पाच्या कोपऱ्यावर भिमाजी चांभार बसायचा. बुटांचं काम करायचा, पूर्वी घोड्यांच्या खोगिरांचंही केलेलं होतं. आमोसनं त्याच्यापुढं पलटणीतला जुना जाड पट्टा टाकला आणि तळहाताएवढी सागवानी फळी ठेवली.

"ही फळी पट्ट्यात मधोमध बसवायची. खाली नमदा लाव, खोगिराखाली घालतात तसला. मागं बक्कल. भोकं बोटाबोटावर."

भिमाजीनं फळी उलटसुलट करून पाहिली. "काय आवळायचंय, सर?"

"छाती."

"घोड्याला बी एवढं आवळत न्हाईत. कुनाची?"

"हाय एका पोराची."

"पोरगं बोलतं का?" भिमाजीनं आरीला मेण चोळत विचारलं.

"म्हंजे?"

"घोडं अंग झाडतं, लाथ घालतं, मग कळतं की आवळलं जास्त. पोरगं बोलत असंल तर ठीक हाय."

मार्थाला आमोसनं डॉक्टरांनी सांगितलंय असंच सांगितलं. अर्धं खरं होतं. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी तो यशयाला भिंतीपाशी उभा करायचा. सगळा श्वास सोड म्हणायचा, मागून बक्कल ओढायचा. बक्कल बसताना यशयाचे दोन्ही पाय जागचे हलायचे नाहीत. वरून सदरा घातला की काही दिसायचं नाही, फक्त बोलताना पोरगा शब्द तोडून बोलायचा. रात्रीसुद्धा काढायचा नाही असं आमोसनं ठरवलं होतं. "दुखतं का?" रोज विचारायचा. "न्हाई." पाचव्या दिवशी एक भोक पुढं. दहाव्या दिवशी आणखी एक. "दुखतं का?" "न्हाई." त्या न्हाईमध्ये आमोसला समाधान होतं. तो आवाज त्यानंच घडवला होता. पळताना गुडघा फुटला तर न्हाई म्हणायचं, उन्हात उभं राहून डोळ्यापुढं अंधारी आली तर न्हाई म्हणायचं, हे त्यानं पोराला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. आता ते कामाला येत होतं. शाळेत मात्र त्याचं काही ठीक चाललं नव्हतं. सकाळी सहाशे पोरं समोर उभी राहिली की त्याला सगळ्यांच्या शरीरातलं वाकडं दिसायचं. कुणाची मान, कुणाचा कोपर, कुणाच्या पाठीचा बाक. कुणी एकही सरळ नव्हता. आणि "सीना बाहर" म्हणायची वेळ आली की जीभ अडायची. एक दिवस त्यानं तो हुकूम न देताच "विश्राम" म्हटलं. पोरांची चुळबुळ झाली, मागं कुणीतरी हसलं. पहिल्या रांगेत यशया दिलेल्या नव्या हुकुमाप्रमाणं पाय फाकवून, हात मागं बांधून, टेकू दिल्यासारखा उभा होता आणि त्याचा चेहरा मेणाच्या रंगाचा झाला होता. आमोसला वाटलं, थंडीनं असेल. मार्च उजाडला होता.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तो घरी आला तेव्हा मार्था दारात बादलीपाशी बसली होती, पण धूत नव्हती. तिच्या मांडीवर यशयाचं बनियन होतं. छातीच्या जागी वाटीएवढा डाग होता, कडेला पिवळा, मधे तपकिरी.

"हे काय हाय?" ती म्हणाली.

आमोसनं वाकून डागाला बोट लावलं.

"वासावरनं कळलं मला. मी त्याला धरून पट्टा सोडवला. सोडू देत नव्हता. सरांनी सांगितलंय म्हनला. घरात सर म्हनला तुमाला." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं शेजारच्यांना काही ऐकू गेलं नसतं. "हाडावर कातडं ऱ्हायलं न्हाई. आतलं पांढरं दिसतंय. डॉक्टरनी सांगितलं हुतं ना? मग चला डॉक्टरकडं, मला बी ऐकू द्या काय सांगितलं हुतं."

"त्याला मी रोज इचारायचो," आमोस म्हणाला. "दुखतं का म्हनून रोज इचारायचो."

"अन् त्यानं काय म्हनायचं हुतं?"

गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता. मार्था आली नाही. आयत्या वेळी म्हणाली, मी आले तर डॉक्टरांसमोर बोलंन, तुमीच जा. डॉक्टरांनी जखम धुतली, चिमट्यानं कडेचं मेलेलं कातडं काढलं. यशया छताकडं बघत पडून होता. कापूस पांढरा जायचा आणि गुलाबी होऊन यायचा. मग डॉक्टरांनी तो पट्टा हातात घेऊन पाहिला, फळी, नमदा, पितळी बक्कल.

"किती दिवस?"

"एकोनीस," आमोस म्हणाला.

"कुठं किती दाब पडतो हे मोजल्याशिवाय हाडावर फळी बांधायची नसते. मी पट्ट्याचं सांगितलं ते ऐकलंत, बाकीचं ऐकलं नाहीत." त्यांनी पट्टा टेबलाखाली ठेवला. मग यशयाकडं वळले. "आणि तू? तुला तोंड नाही?"

यशया छताकडंच बघत राहिला.

"जखम भरायला महिना जाईल. त्याच्या आधी ऑपरेशनचा विचारसुद्धा नाही. पण ठरवायचं असेल तर आज ठरवा, मला पुण्याला नंबर लावावा लागतो."

"ऑपरेशन नको," आमोस लगेच म्हणाला. त्याला एवढंच समजत होतं की पुन्हा त्या जागेला हात लावायचा नाही. "त्याला आतून काही त्रास न्हाई, तुमीच म्हनलात. पलटनीत बी घेनार न्हाईत. मग चिरायचं कशापायी? असंच ऱ्हाऊ द्या. म्हातारी हुतात मानसं अशी, तुमी म्हनलात."

"मला करायचंय," यशया म्हणाला.

तो पडल्या पडल्याच बोलला होता, छताकडं बघत. आमोसला आधी वाटलं, दुसरं कुणी बोललं.

"काय म्हनलास?"

"मला ऑपरेशन करायचंय."

"अरे, शंभरात एक..."

"ऐकलंय मी." यशया उठून बसला. जखमेवरच्या पट्टीला हात लावून त्यानं ती नीट केली आणि वर गुंडाळलेलं बनियन खाली ओढलं. "तीन वर्षं झाली, मी कुनासमोर अंघोळ केली न्हाई. आईला म्हाईत हाय. मामाच्या इथं नेवाशाला समदे नदीवर जातात, मी पोट दुखतंय म्हनतो. भरतीला सदरा काढायला लागतो म्हनून आदल्या दिवसापास्नं जेवलो नव्हतो. तुमी म्हनला, भीती वाटती का. मी न्हाई म्हनलो."

पोराला पहिल्या रांगेत उभं करताना त्याच्या डोळ्यांत बघितल्याचं आमोसला आठवेना. डोळे सरळ समोर ठेवायचे असतात, कुणाकडं बघायचं नसतं, हा नियमच होता.

"वण राहील," डॉक्टर म्हणाले. "वीतभर. आयुष्यभर दिसेल. हाड सपाट झालं तरी छाती दुसऱ्यांसारखी होणार नाही, हे आत्ताच सांगतो."

"वण चालंल," यशया म्हणाला. तो डॉक्टरांशी बोलत होता, सावकाश, शब्द न तोडता. "वण दिसला की मानसं इचारतात, काय झालं रे. सांगता येतं. हे बघून कुनी इचारत न्हाई. नुसतं बघतात. मला सहावीपास्नं रोज समद्यांनी बघितलंय. आता बास."

खोलीबाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. डॉक्टरांनी टेबलावरून कागद ओढला, मापाची पट्टी घेतली. म्हणाले, "ठीक आहे. पुण्याच्या कागदासाठी मापं लागतील, समोरून आणि बाजूनं. बनियन काढ."

यशया उभा राहिला. बनियनच्या खालच्या कडेला त्यानं दोन्ही हात लावले आणि तसाच थांबला. आमोस भिंतीपाशी होता, खोलीत तिघंच होते. यशयाची मान खाली होती, आणि खांदे पुढं आले होते. आमोस त्याला असा उभा राहिलेला पहिल्यांदाच पाहत होता.

"पप्पा," तो म्हणाला, "तुमी बाहेर थांबा."

आमोस बाहेर आला. व्हरांड्यात बाकावर गावाकडची माणसं बसली होती. एका म्हातारीनं डबा मांडीवर घेतला, सरकून जागा केली. "बसा की, बाबा. टाइम लागतो हितं." तो बसला नाही. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती. तिच्यातून दोन सावल्या दिसत होत्या, एक वाकलेली, एक उभी. आमोस दाराकडं पाठ करून समोरच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. श्वास घे. धर. सोड. पुन्हा. ते सांगत होते आणि पोरगा करत होता, आणि मधे मधे पोरगा काहीतरी विचारतही होता. काय ते ऐकू येत नव्हतं, पण विचारत होता, आणि डॉक्टर थांबून उत्तर देत होते.

थोड्या वेळानं नर्सबाई दुसऱ्या दारानं कागद घेऊन आली. "अठरा पूर्ण नाहीत ना? मग वडलांची सही लागेल. इथं. आणि इथं."

आमोसनं कागद भिंतीवर टेकवला. वरती यशयाचं नाव होतं, वय होतं, आणि खाली जिथं त्रास लिहायचा तिथं डॉक्टरांच्या अक्षरात काहीतरी होतं. त्याला ते वाचता आलं नाही. शंभरात एक, त्याच्या मनात आलं. सहाशे पोरांत सहा. त्यानं सही केली. पेन अडलं, पुन्हा गिरवली. दुसऱ्या जागी केली.

"आत डॉक्टरांना द्या," नर्सबाई म्हणाली आणि तिला दुसरीकडं कुणी हाक मारली म्हणून गेली.

आमोसनं दारावर टकटक केलं. आतून डॉक्टर म्हणाले, "या." त्यानं मूठ फिरवली, दार हाताएवढं उघडलं, आणि मान भिंतीकडं वळवून, नुसता हात आत घालून, कागद पुढं धरला. कुणीतरी तो घेतला. डॉक्टरांनी घेतला की यशयानं, ते त्यानं बघितलं नाही. हात बाहेर काढून त्यानं दार लावून घेतलं.